पहिली खारीक

"ह्याला ब्रेकच न्हाय?" ईरण्णाने पुन्हा विचारलं.

"नाही म्हणून सांगतोय ना!" तहसील कचेरीतले पेशकार बाबूराव वैतागले. "चाकापुढं तुझ्या मोगऱ्या लाव आणि गप बस. मिस्त्रीनं हात वर केला की ओढून काढ. रथाला करतोस तेच करायचंय. त्यात नवीन काय?"

ईरण्णा उकिडवा बसला. समोर कल्लूरच्या माळावर दुहेरी पंखांचं पिवळं विमान उभं होतं. थोड्या वेळापूर्वी हेच विमान आभाळात कोलांट्या मारत होतं, उभ्या ज्वारीवरून इतकं खाली येऊन गेलं होतं की राखण करणाऱ्या बायका माळ्यावरून खाली उतरल्या होत्या. आता जमिनीवर ते अगदीच किरकोळ दिसत होतं. लाकडाच्या कामट्या आणि वर कापड. चाकं तर लहान पोराच्या गाड्याची म्हणावीत अशी. चाकांना अडवायचे विमानवाल्यांचे स्वतःचे ठोकळे सामानाच्या लॉरीत होते आणि लॉरी हुमनाबादजवळ बंद पडून बसली होती. म्हणून रथाच्या मोगऱ्या.

मोगरी म्हणजे बाभळीच्या लाकडाची, एका बाजूने निमुळती केलेली जाड पाचर. कल्लूरचा रथ माडीच्या घराहून उंच. त्याला वळवायचं, उतारावर आवरायचं, चावडीपुढे थांबवायचं ते ह्याच पाचरीने. दोर ओढायला हजार हात असत, मोगरीला मात्र एकच माणूस. तो रथाकडे तोंड करून, चाकाच्या पुढ्यात, मागे मागे सरकत चाले. त्याचा पाय अडखळला तर रथ त्याच्यासाठी थांबणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. ईरण्णाचा चुलता तसाच गेला होता. चुलत्यानंतर हा मान ईरण्णाकडे आला. वर्षभर करडीच्या घाण्यामागे बैलाबरोबर फिरणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा हा माणूस त्या एका दिवशी गावाला हवा असे. त्या दिवशी पाटील त्याला 'ईरण्णा, जेवलास का' म्हणून विचारत. उरलेलं वर्ष तो त्यावर काढी.

आणि कल्लुरात आणखी एक रीत होती. रथ हलायच्या आधी मोगरीवाल्याने मान वर करून आपल्या बायकोकडे बघायचं. मग तिने रथाच्या कळसावर पहिली खारीक फेकायची, नवऱ्याच्या जिवासाठी. ती उडाली की मोगरी निघायची, आणि मग साऱ्या गावाच्या खारका, केळी, हरहरचा गजर आणि दोराला हात. नवऱ्याने बघितल्याशिवाय बायकोने फेकायची नाही. बायकोने फेकल्याशिवाय गावाने फेकायची नाही. इतकं साधं होतं ते.

उद्या रथ होता. बसवण्णाच्या जत्रेचा पहिला दिवस मात्र यंदा विमानाने घेतला होता. लढाई सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि लढाईच्या फंडासाठी माणसं गोळा करायची होती. तहसीलदारांनी डोकं चालवलं. माणसं आणायची कशाला, जिथे ती आयती जमतात तिथेच विमान आणू. उमरग्यापासून आळंदपर्यंतची खेडी कल्लूरला लोटली. बायका पोरंबाळं काखेत मारून आल्या. गर्दी अडवायला दोर हवा म्हणून बाबूरावांनी देवळातला रथाचा दोर आणवला आणि माळावर लांबच लांब धरायला लावला. त्याच्यामागे माणसं उभी केली. त्या दोराने माणसं थांबतात असं कल्लूरमध्ये जन्मात कुणी बघितलं नव्हतं. तो दोर ओढायचा असतो. पण हे त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आलं नाही, ईरण्णाच्याही नाही.

त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. विमानवाला साहेब, कोवळा पोरगाच होता तो, खाली उतरून तहसीलदारांशी काहीतरी बोलत होता. त्याने मूठभर माती उचलून सोडली. माती गर्दीकडे उडाली, वारा तिकडेच वाहत होता. मग तो गर्दीच्या उलट बाजूला, वाऱ्याच्या तोंडावर असलेल्या मोकळ्या माळाकडे बोट दाखवू लागला. तहसीलदारांनी मान हलवली.

"नक्को, नक्को. शामियाने के सामने से जाना होना. लोगां देखने आए ना?"

पोरग्याने पुन्हा माळाकडे बोट दाखवलं. तहसीलदार हसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला शामियान्याकडे वळवून उभं केलं. तिथे पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांना लागूनच दोर. पोरगा विमानात चढला. साहेबापुढे साहेब असतात, हे त्याच्याही वाट्याला आलेलं दिसत होतं.

"त्या बाजूला तोंड हाय का करायचं?" ईरण्णाने बाबूरावांना विचारलं.

"साहेब म्हणतात त्या बाजूला. तुला काय करायचंय?"

माणसांनी विमानाची शेपूट उचलून त्याचं तोंड फिरवलं. ईरण्णाने दोन्ही चाकांपुढे मोगऱ्या बसवल्या. दोन्हींना बांधलेली दोरी हातात धरून तो बाजूला, पंखाच्या टोकाशी बसला. विमानाबरोबर आलेल्या मिस्त्रीने पुढचा पंखा हाताने फिरवला. विमान खोकलं, मग गरजलं. धूळ उठली. कापडाचे पंख थरथरू लागले आणि मोगऱ्या चाकांच्या रेट्याने करकरल्या. तो आवाज ईरण्णाच्या ओळखीचा होता. रथ हलायला बघतो तेव्हा असाच आवाज येतो.

मिस्त्रीने हात वर केला. आणि ईरण्णाने, वीस वर्षांच्या सवयीने, मान वर करून बघितलं.

गंगम्मा दोराला लागून पहिल्या रांगेतच उभी होती. नवं हिरवं इरकल नेसली होती. नवरा साऱ्या मुलखासमोर विमानाला मोगरी लावणार म्हणून ती सकाळपासून मिरवत होती. उद्यासाठी घेतलेल्या खारका पदराच्या गाठीत होत्या. तिची नजर आधीपासूनच ईरण्णावर होती. त्याने बघितलं, तिने बघितलं. तिचा हात गाठीकडे गेला.

खारीक विमानाच्या वरच्या पंखावर पडून उडाली. ईरण्णाने दोरी ओढली, मोगऱ्या निघाल्या.

"हर हर महादेव!"

पुढे काय झालं ते माळावरच्या प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं. ईरण्णाने बघितलं ते असं : माणसांनी दोर सोडला नाही, दोरासकट ती आत आली. खारका उडत होत्या, केळी उडत होती, बायका विमानाला हात लावून तोच हात कपाळाला लावायला धावत होत्या. साहेबाने आवाज एकदम कमी केला, पण विमान थांबेना. त्याच्या चाकांपुढे काही नव्हतं. जे असायला हवं होतं ते ईरण्णाच्या हातात होतं. साहेबाने पुन्हा आवाज वाढवला, उडून जावं म्हणून. विमान हातभर उचललं, वाकडं झालं आणि खालचा पंख गर्दीतून विळ्यासारखा गेला.

हिरवं इरकल त्याला लांबूनच दिसलं. जवळ जायला मात्र फार वेळ लागला, कारण मध्ये माणसं पडली होती. विमान उलटं होऊन पडलं होतं. विमानवाला पोरगा कपाळाला खोक पडून जमिनीवर बसला होता आणि मोठ्याने रडत होता. तो काय म्हणत होता ते एकालाही कळत नव्हतं आणि ते सांगायला बाबूराव तिथे नव्हते. ते तहसीलदारांना मोटारीत बसवत होते.

गंगम्माला दुसऱ्या दिवशी लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिली. जंगमस्वामींना त्या दिवशी एका खड्ड्यावरून उठून दुसऱ्या खड्ड्यावर जावं लागत होतं. कल्लूरमधल्या, बाहेरगावच्या, कितीतरी घरांत चूल पेटली नाही. बानूबाईचा एकुलता एक मुलगा गेला होता. ती रडतही नव्हती, नुसती ओट्यावर बसून होती.

आणि देवळापुढे रथ उभा होता. केळीचे खांब, झेंडूची तोरणं, सगळं तसंच. आदल्या दिवशीच तो रथघराबाहेर काढला होता. एकदा बाहेर काढलेला रथ ओढल्याशिवाय परत आत घ्यायचा नाही, ही रीत रथाहून जुनी. पण पोलिसांनी जत्रा मोडली होती आणि दोर जप्त करून उमरग्याला नेला होता. तहसीलदारांचा हुकूम आल्याखेरीज रथाला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. झेंडू वाळला. केळीची पानं पिवळी पडून लोंबायला लागली. जाणारी-येणारी माणसं रथाकडे न बघता जात. रथ असा उघड्यावर राहिला तर गावाचं काही खरं नाही, असं ज्याच्या-त्याच्या मनात होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी बाबूराव ईरण्णाच्या घरी आले. ओट्यावर बसले. ईरण्णाच्या मुलीने, जगदेवीने, पाणी आणून ठेवलं आणि ती दाराआड उभी राहिली. ती गावातच दिली होती. आई गेल्यापासून बापाचं करायला येत होती.

"फार वाईट झालं," बाबूराव म्हणाले. पाणी प्यायले. "हैदराबादेहून चौकशीचे साहेब येताहेत. तुझी जबानी घेतील. तू अगदी जवळ होतास म्हणून तुलाच विचारणार."

"इचारू द्या."

"विचारू द्या काय? काय सांगणार आहेस?"

"जे बघितलं ते. त्यो पोरगा तिकडं मोकळ्या माळाकडं न्यायचं म्हनत हुता. तुमचं सायब म्हनले हिकडून न्या."

बाबूरावांनी आवाज खाली आणला. "बरं. सांग. मग काय होईल? तहसीलदारांवर येईल. येऊ दे, मला त्याचं काय! पण रथाचा हुकूम कोण देणार ईरण्णा? तेच ना? का हैदराबादचा साहेब इथं बसून तुमचा रथ ओढणार आहे?"

ईरण्णा पागोट्याचं टोक सोडून पुन्हा खोचू लागला.

"साहेब एवढंच विचारतील, गर्दी आत कशी आली. त्याचं खरं उत्तर तुला ठाऊक आहे. मीही खुर्च्यांपाशीच होतो, माझेही डोळे फुटले नव्हते. पहिली खारीक कुणी टाकली?"

दाराआड बांगड्या वाजल्या.

"खोटं सांग म्हणत नाही मी. विचारतील तेवढं सांग, पुढचं सांगू नको. गेलेल्या माणसाला कोण शिक्षा करणार? तिचं काय वाकडं होणार आहे आता? जिवंत माणसाचं नाव घेतलंस तर त्याचं घर बसेल. आणि रथ..." बाबूरावांनी देवळाच्या दिशेने हात केला. "मी शब्द देतो. पुढच्या अमावास्येला रथ ओढशील."

ते गेल्यावर जगदेवी बाहेर आली. तिने तांब्या उचलला, पण ती आत गेली नाही.

"अप्पा, अव्वाचं नाव घेनार व्हय तुमी?"

"रथ हितंच कुजू द्यायचा का?"

"म्या रथाचं इचारलं न्हाय."

रात्रंदिवस ईरण्णा स्वतःशी वाद घालत राहिला आणि प्रत्येक वेळी स्वतःच जिंकत राहिला. गंगम्मालाही रथ प्रिय होता. तिनेही हेच सांगितलं असतं. शिवाय खोटं काहीच नव्हतं. खारीक तिनेच टाकली होती. माणूस एकदा असा हिशेबाला लागला की त्याला हवं तेच उत्तर निघतं.

जबानी चावडीत झाली, गावासमोर. चौकशीचे साहेब खुर्चीत, शेजारी तहसीलदार, मध्ये बाबूराव. तहसीलदार जबानी देणाऱ्याकडे नाही, छताकडे बघत होते. बानूबाईसुद्धा आली होती. जगदेवी बायकांमध्ये मागे उभी होती.

साहेबांनी विचारलं, बाबूरावांनी मराठीत सांगितलं, "गर्दी आत कशी आली?"

"खारीक उडाली म्हनून."

"पहिली कुणी टाकली?"

ईरण्णाने पागोटं काढून हातात घेतलं. "माज्या बायकूनं."

चावडीत कुजबूज झाली. साहेबांनी वर बघितलं. त्यांना बहुधा वाटलं असेल, माणूस किती सरळ आहे. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. तो बाबूरावांनी शिकवलेल्यांत नव्हता.

"तिला कुणी इशारा केला होता का?"

ईरण्णाच्या डोळ्यांसमोर ती दोराला लागून उभी राहिली. हिरवं इरकल, पदराची गाठ, त्याच्यावर लागलेली नजर.

"कुनी न्हाय," तो म्हणाला.

बास, एवढंच. दोन शब्द. बाबूरावांनी ते उर्दूत सांगितले, लिहिणाऱ्याने लिहिले, ईरण्णाने अंगठा दिला. बाहेर येताना त्याने जगदेवीला शोधलं. ती चावडीच्या पायरीशी थांबली होती.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, चारचौघांत बापाचा पाणउतारा नको म्हणून, "तुमी बघितल्याबिगर अव्वानं कवा खारीक टाकली हुती? जन्मात एकदा तरी?"

त्याने हातातलं पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं. ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरी भाकरी येत राहिली, पण ती शेजारची हरणाबाई आणून देई. जगदेवी आली नाही.

बानूबाई आता रडायला लागली होती. आता तिला कुणावर रडायचं ते मिळालं होतं. ईरण्णाच्या दारापुढून जाताना ती थांबे आणि हात वर करून मोठ्याने म्हणे, "तुज्या बायकूनं माजं लेकरू खाल्लं रं! मिरवायला गेली हुती रांड, माजं लेकरू घेऊन गेली!" आधी इतर मृतांबरोबर गंगम्माच्या मातीवरही कुणी ना कुणी बेल-फूल ठेवून जात असे. जबानीनंतर ते थांबलं. दुसऱ्यांच्या मातीवर फुलं दिसत आणि मधली तेवढी एक जागा उघडी दिसे. ईरण्णा स्वतः एकदा फुलं घेऊन गेला, पण त्याच्या मागे कुणी तरी थुंकलं. त्याला वळून बघायचं धाडस झालं नाही.

अमावास्या आली आणि हुकूमही आला. दवंडी पिटून सांगण्यात आलं. कल्लूरच्या जत्रेतले लोक बेशिस्त आणि अडाणी आहेत, गाडी-चाक दिसलं की अंगावर धावून जातात, हे चौकशीत साबित झालं आहे. सबब लढाई संपेपर्यंत रथाला मनाई. विमानाचे कार्यक्रम मात्र सरकारी कामाचे असल्याने चालू राहतील. फक्त बंदोबस्त जास्त ठेवण्यात येईल. पुढचा कार्यक्रम तुळजापूरला.

ईरण्णा त्याच दिवशी चालत उमरग्याला कचेरीत गेला. बाबूराव पान लावत बसले होते.

"तुमी शबद दिला हुता."

"दिला होता. मी काय तहसीलदार आहे? मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. वरून हुकूम आला म्हणाले." त्यांनी पान तोंडात घातलं. "लढाई काय कायमची राहणार आहे?"

"मंग माजं बोलनं मला वापस द्या."

"काय?"

"माजी जबानी. ती वापस द्या. म्या अर्धंच सांगितलं. म्या बघितलं म्हनून तिनं टाकली. म्या न्हाई बघितलं तर ती टाकत न्हवती. अन् त्यो पोरगा तिकडून न्या म्हनत हुता, तेबी सांगायचं राह्यलं. समदं लिवा आता."

बाबूराव हसले. मग त्यांनाच ते बरं दिसेना म्हणून थांबले. "जबानी म्हणजे काय उसनी दिलेली पायली आहे, परत मागायला? चौकशीची मिसल बंद झाली ईरण्णा. साहेब हैदराबादेला गेले. आता तू काय सांगतोस आणि काय नाही, ह्याला कोण विचारतंय? जा घरी. ऊन झालंय."

ईरण्णा तिथेच बसून राहिला. कचेरी बंद झाली तशी शिपायाने त्याला हाताला धरून फाटकाबाहेर आणलं आणि फाटक लावून घेतलं.

तुळजापूरचा कार्यक्रम उन्हाळ्यात झाला, देवीच्या गावाबाहेरच्या पठारावर. ईरण्णा आदल्या दिवशीच येऊन धर्मशाळेत राहिला. का आलो हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की लोकांना मागे सारायला आलो. तसं त्याने एकदोघांना सांगितलंही. ते खरंच आहे असं त्यालाही वाटत होतं.

बंदोबस्त खरोखरच चांगला होता. दोराच्या जागी काटेरी तार आली होती. नारळ, खारीक, हळदकुंकू काही आणायचं नाही म्हणून पोलीस बायकांच्या ओट्या तपासत होते. विमानाच्या चाकांपुढे त्यांचे स्वतःचे ठोकळे होते आणि विमानाचं तोंड मोकळ्या पठाराकडे होतं. कल्लूरच्या माणसांनी मरून एवढं शिकवलं होतं, पण त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं.

ईरण्णा तारेपाशी गेला. विमानाकडे पाठ केली आणि गर्दीकडे तोंड करून दोन्ही हात पसरून उभा राहिला. "मागं सरा. बायांनो, मागं सरा. पोरं कडेवरून उतरवू नका. मागं सरा."

"ओ मामा, आडवं का उभारलाव? काय दिसंना झालंय!"

"येडं हाय का काय हे?"

"मागं सरा म्हनतो ना!"

एका पोलिसाने त्याला दंडाला धरून बाजूला ढकललं. तो पुन्हा येऊन उभा राहिला. मग पोलिसानेही नाद सोडला. तार होती, म्हाताऱ्याला काय करायचं ते करू दे.

त्याच्या पाठीमागे विमान गरजलं. त्याने वळून बघितलं नाही. समोरच्या माणसांच्या तोंडावरच त्याला सगळं दिसत होतं. ठोकळे निघाले, सगळ्यांच्या माना एकदम फिरल्या. विमान पळालं. उठलं. माना वर झाल्या. आवाज लांब गेला, वळला, आणि मोठा होत होत थेट त्याच्या डोक्यावर येऊ लागला. समोर एक बाई होती. तिच्या कडेवरची दीड-दोन वर्षांची मुलगी तोंड उघडं टाकून वर बघत होती, हसत होती.

आवाज अडखळला. क्षणभरच. कोलांटी मारताना विमान तसं करतंच.

तेवढ्या क्षणात ईरण्णाला स्वतःचं मन ऐकू आलं. पड, असं ते म्हणत होतं. पड. पडलं म्हणजे सगळ्यांना कळेल की हे खारकेशिवायही पडतं. इथल्या तार लावलेल्या, शिस्तीच्या, ओट्या तपासलेल्या माणसांवरही पडतं. मग गंगम्माच्या मातीवर कुणी थुंकणार नाही. पड. त्याचे हात लोकांना मागे सारण्यासाठी पसरलेले होते आणि मन गावातून निघाल्यापासून ह्याचीच वाट बघत होतं. त्यासाठीच तो आला होता.

आवाज पुन्हा सरळ झाला. विमान त्यांच्या डोक्यावरून निघून गेलं. सावली त्या मुलीच्या तोंडावरून गेली आणि तिने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या पठारानेच टाळ्या वाजवल्या. विमान आणखी दोनदा आलं आणि दोन्ही वेळा काहीही न होता गेलं. शेवटी ते बिनबोभाट उतरलं. शामियान्यातून कुणीतरी भाषण केलं. लोक शिस्तीने वागले की अपघात होत नसतात, हे आज सर्वांनी बघितलं, असं ते म्हणाले. बाबूराव त्याचं मराठी करून सांगत होते.

गर्दी पांगू लागली. ईरण्णाचे हात कधीच खाली आले होते. तो तसाच उभा होता.

"मामा," समोरची बाई म्हणाली, "जरा हिला धरताव का? गाठोडं सुटलंय माजं, बांधून घेते." आणि उत्तराची वाट न बघता तिने मुलगी त्याच्याकडे दिली.

मुलगी उन्हाने तापलेली होती. जड होती. तिने त्याचं पागोटं पकडलं आणि आभाळाकडे बोट करून काहीतरी सांगू लागली. तिला सोडूही नये आणि धरूही नये असं त्याला होत होतं.

बाईने गाठोडं बांधून डोक्यावर घेतलं. "तुमी तर इमान बघितलंच न्हाय वो. समदा येळ हिकडंच तोंड करून हुताव."

"व्हय," ईरण्णा म्हणाला.

"असं कसं? एवढ्या लांबून आलाव अन् बघितलं न्हाय?" तिने हात पुढे केले. "द्या हिला. अवो, द्या ना. रडताव का?"

त्याने मुलगी तिच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरून तिला वाट करून दिली.